बिलाँग म्हणजे कुणाची

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि जोडाक्षर आलं की हात थांबतो. चौथीपर्यंत शिकले, त्यालाही आता वीस वर्षं होतील. ही वही कुणी वाचणार नाही, तांदळाच्या डब्यामागे असते. तरीपण माफी मागते, कारण ती मागितल्याशिवाय मला काही सुरूच करता येत नाही. दुकानात गेले तरी आधी म्हणते, "चुकलं तर सांगा हं," आणि मग मीठ मागते.

मी सांगलीला एका शिंप्याचं काज-बटण करते. परवा तयार शर्ट द्यायला गेले तेव्हा त्याची शाळकरी मुलगी पाटावर बसून इंग्रजी वाचत होती. तिला एक शब्द अडला. तिनं बापाला विचारला. बापाला आला नाही, गिऱ्हाईक बसलं होतं त्यालाही आला नाही. मला येत होता. मी शर्ट मोजून दिले, पैसे घेतले आणि आले. चौथी शिकलेल्या बाईनं मध्ये तोंड घालून इंग्रजी सांगायचं, हे मला जमलं नसतं. पण दोन दिवस झाले, शब्द डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

शब्द होता बिलाँग.

मला इंग्रजी येत नाही. वीस-पंचवीस शब्द येतात, आणि ते सगळे कपड्यांचे आहेत. फ्रॉक, ट्युनिक, टॉवेल, पिलोकेस. कपड्यांचा नसलेला हा एकच. पाचगणीच्या एका मोठ्या शाळेत मी साडेतीन वर्षं होते, मुलींच्या बोर्डिंगात, कपड्यांच्या खोलीत. गोवा आपल्यात आला त्या हिवाळ्याच्या आधी लागले. जून महिन्यात पोरींच्या ट्रंका यायच्या. मुंबईहून यायच्या, गुजरातेतून यायच्या, काही तर आफ्रिकेतून बोटीनं यायच्या. एकेका पोरीचे सहा-सहा फ्रॉक, बारा-बारा मोजे. प्रत्येक कपड्यावर नावाची पट्टी शिवायची. पट्टीवर लाल दोऱ्यात नाव आणि नंबर. मोज्यावरसुद्धा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं, की मोज्याला नाव कशाला, मोजा कुठं पळून जातोय.

खोलीवर एक मेट्रनबाई होत्या. गोव्याच्या, ख्रिस्ती, पन्नाशीच्या, पांढऱ्या पायमोज्यांत सुजलेले पाय. मराठी बोलायच्या पण आपल्या वळणानं. रोज संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये त्या हरवलेला एखादा कपडा उंच धरून उभ्या राहायच्या आणि पोरींना विचारायच्या, "हू डझ धिस बिलाँग टू?" मी मागे टोपली घेऊन उभी. रोज ऐकून ऐकून ते वाक्य पाठ झालं. एकदा धीर करून विचारलं.

"मेट्रनबाई, चुकलं तर सांगा, पण बिलाँग म्हणजे काय हो?"

"अगो, कुणाचं ते. हा मोजा कुणाचा, ते."

"मग कुणाचा एवढंच म्हणायचं की."

त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुमच्यात माणूस बोलतं, मोजा माझा. इथं मोजा आपणच बोलतो, मी तिचा. तसं समज."

मला ते आवडलं. कपडे घड्या घालताना मी मनात एकेकाला बोलायला लावायची. मी बेचाळीस नंबरची. मी सतरा नंबरची. पोरी घरची आठवण काढून रडायच्या, फ्रॉक मात्र मुकाट ज्याच्या त्याच्या खणात बसायचे.

पुढं कळलं की हा शब्द नुसता मालकीचा नाही. एकदा मी कात्री खिडकीत ठेवली तर मेट्रनबाई ओरडल्या की कात्री ड्रॉवरमध्ये बिलाँग करते. म्हणजे कात्रीची ठरलेली जागा ती. मग मी विचारलं, माणसाला म्हणतात का असं? त्या म्हणाल्या, म्हणतात ना. मी गोव्याची, आय बिलाँग देअर. त्या वेळी त्यांना सहा-सात वर्षं घरी जाता आलं नव्हतं, कारण गोव्याचा रस्ता बंद होता. रस्ता उघडला तशा त्या मे महिन्यात दोन ट्रंका भरून गेल्या. दोन महिने राहणार होत्या. तीन आठवड्यांत परत आल्या. भावानं त्यांच्या खोलीत नारळ भरले होते. भावजय रोज विचारायची, परत कधी जायचं? मेट्रनबाई मला म्हणाल्या, "आपण म्हणून उपयोग नाही गो. त्या जागेनं पण म्हणायला हवं." त्यानंतर त्यांनी तो शब्द संध्याकाळच्या मोज्यांशिवाय कधी वापरला नाही.

आता मी तिथं कशी गेले ते लिहायला हवं.

आमची माणसं सांगलीच्या पूर्वेची, दुष्काळी भागातली. पिढ्यान्पिढ्या मेंढरं घेऊन फिरणारी. आई मी लहान असताना गेली. आबांना मेंढरांमागे फिरायचं होतं, म्हणून त्यांनी मला कुंडलला आत्याकडं ठेवलं. तिथंच मी चार इयत्ता शिकले. सतराव्या वर्षी लग्न झालं. आमच्यात त्या वेळी नवऱ्याकडचे लोक मुलीच्या बापाला पैसे मोजायचे, त्याला द्याज म्हणायचे. माझं द्याज अडीचशे होतं. लग्नाचा खर्चही त्यांनीच केला, तो दीडशे धरला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण आमच्यात बाईला आपला आकडा पाठ असतो.

पाच वर्षं मूल झालं नाही. मग मालकांनी दुसरी आणली. नवऱ्याला आम्ही मालकच म्हणतो. मेट्रनबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, मालक तर दुकानाचा असतो. मी म्हटलं, आमच्यात घरात पण असतो.

दुसरी आली त्याचं दुःख मला लोक समजतात तितकं झालं नाही. ती बिचारी माझ्याशी वाईट वागली नाही. पण तिला मुलगा झाला आणि मला घरात झोपायची जागा राहिली नाही. मी कोकरांच्या कुडाच्या खोपटात झोपायची. पहाटे दळण, मग लोकर, मग पाणी, मग पुन्हा दळण. एक दिवस पाण्याला म्हणून निघाले आणि हंडा विहिरीवर ठेवून चालत राहिले. तिसऱ्या दिवशी कुंडलला पोचले. आत्याच्या शेजारची एक बाई पाचगणीला त्या शाळेत स्वयंपाकाला होती. तिनं मला नेलं.

पहिलं वर्ष बरं गेलं. बोर्डिंगामागं नोकरांच्या चाळीत मला आणि त्या स्वयंपाकीण बाईला मिळून एक खोली होती. पगार पंचवीस रुपये आणि जेवण. चीनशी लढाई लागली तेव्हा पोरी जवानांसाठी स्वेटर विणायच्या. ते मोजून गठ्ठे बांधायचं काम माझं. त्या स्वेटरांना पट्टी नव्हती. मी एवढे दिवस पट्ट्या शिवलेल्या, मला ते उघडेबोडके वाटायचे.

त्याच थंडीत गेटवरचा पहारेकरी सांगत आला, "तुझी माणसं आलीयात."

गेटबाहेर मामंजी, म्हणजे माझे सासरे, घोंगडं अंथरून बसले होते. मालक काठीवर हनुवटी टेकून उभे. मला बघितल्यावर म्हणाले, "चल गं. वरीस झालं, धाकटीच्या हाताला दळून दळून फोड आल्यात."

मी पदर पुढं घेतला. मेट्रनबाई माझ्या मागून आल्या होत्या.

"काय हवं तुम्हाला?"

"आमचं माणूस न्यायला आलोय बाई," मामंजी म्हणाले. "आमची सून हाय ती."

"ती इथं कामाला आहे."

"आसू दे की कामाला. माजी मेंढी तुमच्या रानात चरली म्हणून तुमची हुती व्हय?"

पहारेकरी हसला. मेट्रनबाई हसल्या नाहीत. "कागद आहे का तुमच्याकडं?"

"कागुद कशाला? चारशे रुपयं मोजल्यात. धा मान्सांत. तिच्या बापानं ते चारशे फिरवावं, पंचांपुढं काडी मोडू, आन् मग तिला कुठं बी जाऊ दे. विलायतंला जाऊ दे. आमी न्हाई म्हणत न्हाई."

मग ते मला म्हणाले, "ह्या म्हैन्याचा पगार झाला का?" माझ्या कमरेला वीस रुपये होते. मी काढून दिले. मला वाटलं, लांबून आलेत, येण्याजाण्याचा खर्च मागतायत. मालकांनी नोटा घेतल्या, मामंजींनी घोंगडं झटकलं आणि दोघं वाईच्या रस्त्याला लागले. आत येताना मेट्रनबाई म्हणाल्या, "हे बघ, ऑफिसला गेटवर असले लोक चालत नाहीत. मुलींची शाळा आहे. एकदा मी सांभाळून घेतलं. हे मिटव, नाहीतर तुला इथं ठेवता येणार नाही."

मिटवायचं म्हणजे चारशे रुपये. एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. चारशे झाले की मी सुटले, ही खोली राहील, हे काम राहील.

महिन्याला पंधरा, कधी सोळा मी बाजूला टाकायची. मेट्रनबाईंनी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा दिला आणि तो आपल्या कपाटात ठेवला. कपाटात दुसऱ्या बायकांचेही डबे होते, म्हणून त्यांनी एक चिठ्ठी लिहून डब्याला चिकटवली. वाचून दाखवली. "धिस मनी बिलाँग्ज टू," आणि पुढं माझं नाव. इंग्रजीत माझं नाव सहा अक्षरांचं होतं. मी त्यावर बोट फिरवून बघितलं. हजारो पट्ट्या शिवल्या होत्या, पण माझ्या नावाशी तो शब्द मी पहिल्यांदाच बघत होते. त्या दिवशी मी मोज्यांत दोन चुका केल्या.

सव्वादोन वर्षं लागली. त्या काळात मी नवीन लुगडं घेतलं नाही, चहा सोडला, मेढ्याला एका लग्नाला आमची स्वयंपाकीण बाई नेत होती तर गाडीभाड्याच्या भीतीनं गेले नाही. मामंजी मध्ये एकदा येऊन गेले, पण मेट्रनबाईंनी त्यांना सांगितलं की पैसे जमतायत, थांबा. त्यावर ते नुसते हसले. मला ते हसू तेव्हा कळलं नाही.

चारशे पाच झाल्यावर मी सुट्टी काढली. वाई, सातारा, मग सांगलीची एस.टी., तिथून पुढं पूर्वेला. नोटा पोलक्याच्या आत शिवून घेतल्या होत्या. आबा त्या वेळी गावाजवळच उतरले होते. मी येतेय असं कळवलं होतं, तेवढ्यावर त्यांनी पंचांना निरोप धाडला होता. मेंढरांच्या वाडग्याजवळ, म्हणजे रात्री ती कोंडतात त्या कुंपणाजवळ, बसून मी शिवण उसवली आणि नोटा त्यांच्यापुढं ठेवल्या. म्हटलं, "आबा, हे तुमी ठेवा. उद्या तुमच्या हातानं द्या."

आबांनी नोटांना हात लावला नाही. ते एका कोकराच्या पायातला काटा काढत होते. काढून झाल्यावर म्हणाले, "पोरी, हे मला घेता यायचं न्हाई."

"का वो?"

"द्याज मी घेतलं, मीच फिरवायचं. आन् पंच भंडारा उचलायला लावत्यात. देवाचा भंडारा हातात घिऊन सांगावं लागतंय, ह्यो पैसा माजा हाय म्हणून. ह्यो माजा कुठं हाय?"

"एकदा म्हना की. कोन बघतंय?"

"मी बघतूया न्हवं," आबा म्हणाले. रागावून नाही, नेहमीसारखंच. "माज्या हाताला ते यायचं न्हाई."

माझे वडील उभ्या आयुष्यात खोटं बोलले नाहीत. लोक मला ते कौतुकानं सांगतात आणि मी मान डोलावते. पण त्या दिवशी मला वाटलं होतं, एक खोटं बोलले असते तर काय झालं असतं? अजूनही वाटतं. हे मी कुणाला बोललेली नाही.

मी स्वतःची समजूत घातली. पैसा तो पैसा. आबांनी नाही दिला तर मी देईन. पंचांना चारशेशी मतलब.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळापुढच्या लिंबाखाली पंच बसले. वीस-पंचवीस माणसं होती. मामंजी आणि मालक समोर. बाया लांब, देवळाच्या पायरीशी. सगळ्यात म्हातारा पंच आबांना म्हणाला, "काय रं, आणलंस का?"

"मी न्हाई आणलं," आबा म्हणाले. "पोरीनं आणलंय."

सगळे माझ्याकडं वळले. इतक्या पुरुषांपुढं मी कधी उभी राहिले नव्हते. मी पुढं गेले, घोंगड्यावर नोटा ठेवल्या आणि मागं सरले.

"किती हायत?"

"चारशे." गाडीभाड्याचे पाच काढून ठेवले होते, ते मी बोलले नाही.

"कुणाचं?"

"माजं. माज्या कामाचं."

म्हाताऱ्यानं नोटांकडं बघितलं. मग विचारलं, "आन् तू कुणाची?"

मी आधी आबांकडं बघितलं, मग मालकांकडं.

"काडी मोडली का तुजी?"

"न्हाई."

"मग तू अजून ह्येंच्या घरची. घरच्या बाईनं मिळवलं ते घरचं. बरूबर का न्हाई, सांगा मंडळी."

मंडळींनी माना हलवल्या. मामंजींनी नोटा उचलल्या, थुंकी लावून मोजल्या आणि म्हणाले, "सूनबाईनं घरचं इमानानं आणून दिलं, लय झ्याक केलं."

"असली सून मला बी एक बघा रं," मागून कुणीतरी बोललं. "म्हैन्याला दूध बी दिती आन् लांब बी ऱ्हाती."

हसणं उठलं. मालकही हसले. तेव्हा मला गेटवरचे वीस रुपये कळले आणि मामंजींचं ते हसू कळलं.

मी बोलले. मी बोलले यावर माझाच विश्वास बसत नाही. म्हटलं, "आवं, सव्वादोन वरसं राबले मी त्यासाठी."

म्हातारा पंच वाईट माणूस नव्हता. मला समजावल्यासारखं म्हणाला, "पोरी, तुजी कीव येती. पर द्याज बापाच्या हातनं, बापाच्या कष्टाचं फिरतंय. न्हाईतर उद्या कुणाची बी बायकू चार पैसं साठवील आन् आपली आपून सुटून जाईल. मग घर कशावर चालायचं?"

त्याच्या तोंडून ते इतकं सरळ निघालं की मला राग आला नाही. त्याचं म्हणणं खरंच होतं. तसंच घर चालत होतं.

पाचगणीला परत गेले तेव्हा मेट्रनबाईंनी सगळं ऐकलं. त्या रिकामा डबा हातात धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "थोडं मी देते, थोडं उसनं घेऊ." मी म्हटलं, तुमचा पैसा तर त्याहून चालणार नाही. तो आबांचा नव्हे. त्या संतापल्या. "कसली माणसं तुझी!" म्हणाल्या. आणि मला त्यांचाच राग आला. कपड्यांच्या घड्या घालत बसले. माझी माणसं. इतकं सगळं होऊनही कुणी त्यांना नावं ठेवली की ती माझी होत होती. मला ते लोक नको होते आणि दुसरे नव्हते.

पुढच्या पगाराला मालक गेटवर थांबले नाहीत, सरळ ऑफिसात गेले. पंचांचा निकाल झाला आहे, बायकोचा पगार माझ्या हातात द्या, म्हणाले. मोठ्यानं बोलले. त्या वेळी कुणा पोरीचे आईवडील मोटारीतून भेटायला आले होते, त्यांच्यासमोर. ऑफिसनं मालकांना घालवलं आणि संध्याकाळी मला बोलावलं. रागावले नाहीत. महिन्याचा पगार आणि इंग्रजीत टाईप केलेलं एक सर्टिफिकेट दिलं. काम नीट होतं असं त्यात लिहिलं आहे, म्हणतात.

जून महिना होता. खोलीत ट्रंका छतापर्यंत लागल्या होत्या. मी घंटा होईपर्यंत पट्ट्या शिवल्या. मी हातात घेतलेला कपडा संपला की मेट्रनबाई दुसरा पुढं सरकवायच्या. निघताना कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली. त्या ट्रंकांच्या मागं काहीतरी शोधत होत्या. मी थोडी थांबले. त्यांना ते सापडलं नाही, म्हणून मी गेले.

आबांकडं पोचले तेव्हा मामंजींचा निरोप माझ्या आधी पोचला होता. नोकरी गेली, आता पोरगीला घरी धाड, नाहीतर द्याज मोज. दिवाळीपर्यंत मुदत.

आबांजवळ तीस मेंढ्या होत्या. मी मागितलं नाही. म्हणजे तोंडानं मागितलं नाही. पण त्यांनी भाकरी खाताना विचारलं, "जायाचं का तुला तिकडं?" आणि मी भाकरी खाली ठेवली, तेवढंच त्यांना पुरलं.

मिरजेकडचा व्यापारी आला. चांगल्या, गाभण राहतील अशा तेरा निवडल्या. आबा एकेकीचं वय सांगत होते, खोड सांगत होते, ही डाव्या बाजूला लंगडते हेसुद्धा सांगत होते. व्यापारी म्हणाला, "म्हाताऱ्या, तू इकाया बसलायस का मोडाया?" सौदा चारशे तीनला झाला. त्याच्या माणसानं मेंढ्यांच्या पाठीवर गेरूनं आपली खूण केली. मेंढरं रस्त्याला लागली तेव्हा उरलेली सतरा मागं धावली, ती आम्ही दोघांनी अडवली.

पावसाळा संपला की आमची माणसं मेंढरं चारायला कोकणात उतरतात, पण सतरा मेंढ्यांवर कुणी त्या वाटेला लागत नाही. राखणीला माणसं, घोडं, काहीच परवडत नाही. आबांनी त्या दुसऱ्याच्या कळपात घातल्या आणि त्याच कळपावर गडी म्हणून राहिले. साठीच्या माणसाला कालपर्यंत पोरगेलं असलेलं कुणीतरी "ए, पलीकडनं वळव रं" म्हणायचं. मी ऐकायची. मी सुटणार होते त्याची ती किंमत होती. आणि सुटून जायचं कुठं, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शाळेत दुसरी बाई लागली होती. आत्या म्हातारी झाली होती. रात्री मी आबांच्या घोंगड्याच्या एका टोकाला झोपायची आणि ते घोंगडंही त्या दुसऱ्याच्या वाडग्यात अंथरलेलं असायचं. मेट्रनबाईंचा शब्द मी स्वतःवर सगळ्या बाजूंनी घालून बघितला. वस्तूचा म्हणून बघितला, माणसाचा म्हणून, जागेचा म्हणून. शेवटी कंटाळून सोडून दिला.

दिवाळीच्या आधी पुन्हा त्याच लिंबाखाली बसले. या वेळी मी पायरीशी बायांत होते. आबांनी डोक्याचा पटका काढून बाजूला ठेवला, भंडारा मुठीत घेतला आणि म्हणाले, "माज्या मेंढरांचं हाय. दुसऱ्याचा पैसा न्हाई." म्हाताऱ्या पंचानं गवताची एक काडी मालकांच्या हातात दिली. मालकांनी मोडली. आवाजसुद्धा झाला नाही. शेजारची बाई मला कोपर मारून म्हणाली, "झालं बघ," आणि मी विचारलं, "काय?" इतकं ते पटकन झालं.

"आता ही बापाच्या घरची," पंच म्हणाला.

मला कुणी काही विचारलं नाही. मामंजी नोटा मोजत होते. दोनदा मोजल्या. मग एक दहाची नोट उन्हाकडं धरून म्हणाले, "ही फाटकी हाय. ही न्हाई चालायची." आबांनी नोट परत घेतली, उलटून बघितली आणि "व्हय, फाटकी हाय," म्हणाले. कनवटीला तीनच रुपये होते. ते त्या दुसऱ्या कळपवाल्याकडं गेले, वाकून काहीतरी बोलले, सात रुपये आणले. एक एक करून दहा रुपये घोंगड्यावर ठेवले. मामंजींनी ते गोळा केले, बाकीच्यांत मिसळले, धोतराच्या सोग्यात गाठ मारली आणि म्हणाले, "फिटलं."